सुम्मची वेळ

८ जानेवारी १९७९, सोमवार

ह्यांना कारखान्यात मिळालेली डायरी मी लाटली. पहिल्याच पानावर पंपाचं चित्र. "घे की. मला काय लिवायचं हाय त्यात, आज किती कास्टिंग फुटली?" म्हणाले. पहिला आठवडा कोरा गेला. जाऊ दे.

आजपासून नेम. सकाळी सात ते साडेसात लिंगपूजा. आज ह्यांची सुट्टी, एरवी सव्वासहालाच सायकलवर शिरोलीला जातात. माझी शाळा अकराला. मधला हा अर्धा तास माझा.

माहेरी, कोडोलीला असताना वडलांच्या, आप्पांच्या शेजारी रोज बसायचे. डाव्या तळहातावर लिंग, त्यावर नजर. हात बधिर व्हायचा आणि मग कधीतरी डोक्यातला सगळा बाजार उठायचा. एकदा ते चाखलं की विसरत नाही. पण गिरिजा झाल्यापासून नुसती गळ्यातली लिंगाची चांदीची डबी कपाळाला लावते आणि परत पदराआड. रस्त्यात ओळखीच्या माणसाला मान हलवावी तेवढंच.

अव्वांना सांगितलं. सासूबाई माझ्या, पण सगळं घर अव्वाच म्हणतं. खूश झाल्या. "बस की गं. पोरांस्नी मी बघतो." जागा ठरली कोठीची खोली. एकीकडं जोंधळ्याचं पोतं, एकीकडं तांदळाचं, मधे एका चटईपुरती जमीन. दाराला आतून कडी.

पहिला दिवस. चार मिनिटं खरी बसले असेन.

१० जानेवारी, बुधवार

लि. पू. बसले. डोळ्यांपुढं तिसरीच्या वह्या. ह्यांच्या डब्यात मीठ घातलं का? दूध उतू जाईल का? अव्वा बघतील. बघतील ना?

शिवू दारावर थापा मारतोय. "आय, आय." दोन वर्षांचं पोर, पण दार हलवतो. उठले. कडी काढली, पाठीत धपाटा घातला, कडी लावली, परत बसले. आणि म्हणे ओम नमः शिवाय.

तो बाहेर हुंदके देत होता, मी आत मणी ओढत होते. लाज वाटली. तरी उठले नाही.

१३ जानेवारी, शनिवार

सकाळची शाळा. पूजेला सुट्टी.

संध्याकाळी अव्वांनी गिरिजाला पुढ्यात बसवून कायदा शिकवला. "आई पूजेला बसली की सुम्म. हाक मारायची न्हाय." सुम्म म्हणजे गप्प. अव्वा संकेश्वरच्या, हा त्यांच्या माहेरचा कानडी शब्द. आता शिवूसुद्धा ओठावर बोट ठेवून "छुम्म" म्हणतो.

गिरिजाला सहावं चालू आहे. कुठलीही गोष्ट चारी बाजूंनी तपासल्याशिवाय सोडत नाही.
"पावणं आलं तर?"
"न्हाय."
"शिवूनं शी केली तर?"
"मला सांग. तिला न्हाय."
"घर पेटलं तर?"
"घर पेटलं तरी न्हाय. शिवपूजेतल्या माणसाला हाक मारली की पाप लागतंय."

मी पलीकडं भाकरी थापत होते. हसू आलं. बरंही वाटलं. ह्या घरात मला हाक मारायला बंदी, तीही अर्धा तास!

१४ जानेवारी, रविवार

संक्रांत. हळदीकुंकवाला बायका आल्या तेव्हा अव्वांनी तिळगुळाबरोबर माझं कौतुकही वाटलं. "आमची सून रोज अर्धा तास बसती. शाळा करून, पोरं करून." शेजारच्या कुसुमवहिनी म्हणाल्या, "भाग्यवान हायसा बाई. आम्हाला तर आंघोळ बी मनासारखी मिळत न्हाय."

पाच मिनिटांच्या बसण्याला अर्ध्या तासाची शाबासकी मिळाली. तीळ खाल्ला, कुंकू लावत पुढं सरकले.

१७ जानेवारी, बुधवार

लिहू की नको.

शिवूच्या दाढा येताहेत. चार रात्री सलग जागरण. आज पूजेला बसले, लिंग हातावर घेतलं, पाठ जरा जोंधळ्याच्या पोत्याला टेकवली. जराच. डोळे उघडले तेव्हा बाहेर अव्वा म्हणत होत्या, "साडेसात झालं गं."

लिंग मांडीवर, पदरात पडलं होतं. जमिनीवर नाही, पदरात. तरी पडलंच. आप्पा असते तर दिवसभर उपाशी राहिले असते. मी कपाळाला लावलं, क्षमा मागितली आणि बाहेर येऊन चहा प्यायले.

चहा फार गोड लागला.

१८ जानेवारी, गुरुवार

आज ठरवून टेकले नव्हते. देवाशप्पथ. गाल कधी पोत्यावर गेला कळलं नाही.

बाहेर आले तर गिरिजा निरखून बघतेय. "आई, गालावर जाळी कसली?" हात लावला. गोणपाटाची वीण गालात अख्खी रुतलेली. आता एवढ्याशा पोरीला खरं सांगायला काय हरकत होती? झोप लागली गं बाई, एवढंच तर म्हणायचं. पण अव्वा चुलीपाशी होत्या. तोंडातून गेलं, "ते देवाचं असतं. पूजा नीट झाली की उमटतं."

"खरं?"
"खरं."

तिनं बोट फिरवून पाहिलं. हलक्या हातानं, जणू पुसलं जाईल.

२२ जानेवारी, सोमवार

आता पद्धतच पडली. आत जायचं, कडी लावायची, कपाळाला भस्म लावायचं आणि पोत्यावर डोकं ठेवायचं. डबी उघडतच नाही. झोपेत लिंग पडायला नको म्हणून. पापातही माझी व्यवस्था चोख. भस्म आधीच लावून घेते, नंतर विसरलं तर पंचाईत.

पंचवीस मिनिटं. बाहेर संसार चालू, मधे एक दार. मला हाक मारायची कुणाची हिंमत नाही. इतकी गाढ झोप मला माहेरीसुद्धा लागली नव्हती.

शाळेत मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "अलीकडं चेहऱ्यावर तेज दिसतंय हं. काय करताय?" मी म्हटलं, "पूजा."

२६ जानेवारी, शुक्रवार

झेंडावंदन लवकर, म्हणून पूजा नाही. गिरिजाला बरोबर नेलं. परतताना वाटेत कुसुमवहिनी भेटल्या तर ही पोरगी त्यांना सांगते, "माझ्या आईच्या गालावर देव उमटतोय. रोज. मी बघितलोय." कुसुमवहिनींनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "बघितलोय नाही गं, बघितलंय म्हण." बाईंनी भाषा तेवढी सुधारली.

चोराच्या मनात चांदणं. रस्ताभर वाटत होतं, सगळ्या पेठेला माझा गाल दिसतोय.

२९ जानेवारी, सोमवार

आज उठवून बसवलं स्वतःला. डबी उघडली. लिंग हातावर घेतलं, दहापर्यंत श्वास मोजले. आप्पा आठवले. घराच्या पुढच्या सोप्यात ताठ बसलेले, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, आणि सगळं घर चिडीचूप. मला वाटायचं, ही शांतता आप्पांची आहे.

आज पहिल्यांदा ध्यानात आलं, त्यांच्या पूजेच्या वेळी आई कुठं असायची. दारात. कडेवर धाकटा, एका हातानं मला धरलेलं, दुसऱ्या हातानं कुत्रं हाकलत. आईच्याही गळ्यात लिंग होतं. तिला बसलेलं मात्र मी कधी पाहिलं नाही. आप्पांच्या शांततेला दार धरून ती उभी असायची.

माझ्यासाठी दार कोण धरतंय? अव्वा. आणि गिरिजा.

एवढं कळलं आणि मग काय केलं? डबी मिटली, पोत्यावर डोकं ठेवलं. दहा मिनिटं उरली होती.

६ फेब्रुवारी, मंगळवार

शिवूचा हात.

लिहवत नाही.

८ फेब्रुवारी, गुरुवार

लिहून काढते. बोलायला तोंड नाही, हात तरी आहे.

अव्वा सोमवारी भावाच्या नातवाच्या बारशाला संकेश्वरला गेल्या. मंगळवारी हे नेहमीप्रमाणं सव्वासहाला गेले. घरात मी आणि दोन पोरं. त्या दिवशी बसायचं नव्हतं, हे कुणीही सांगेल. मलाही माहीत होतं. पण सात वाजले आणि अंग आपोआप कोठीच्या खोलीकडं वळलं. बारा तास पाण्याविना राहिलेलं जनावर वळतं तसं. गिरिजाला म्हटलं, "शिवूकडं बघ. सुम्म." तिनं मान डोलावली. कडी लावली. भस्म लावलं. झोपले.

न्हाणीत बंब पेटलेला होता, गिरिजाच्या आंघोळीसाठी. मीच पेटवला होता.

मला काही ऐकू आलं नाही. हे मी शंभरदा आठवून पाहिलं. काही म्हणजे काही नाही. आपसूक जाग आली, गाल चोळला, दार उघडलं.

उंबऱ्याला टेकून गिरिजा बसलेली. मांडीवर शिवू. त्याचा डावा हात तिनं पाण्याच्या तांब्यात बुडवून धरलेला, आणि दुसऱ्या हातानं त्याचं तोंड दाबलेलं. घट्ट. त्याचा चेहरा लालबुंद, डोळे बाहेर आलेले. ती त्याच्या कानात म्हणत होती, "सुम्म. सुम्म. झालंच. आईची पूजा झालीच."

मला बघून हात काढला. तेव्हा तो ओरडला. ते ओरडणं आत किती वेळ साठलं होतं देव जाणे. ती म्हणाली, "आई, झाली पूजा? शिवूनं बंबाला हात लावला. मी हाक मारली न्हाय."

डावा तळवा अख्खा. कातडी पांढरी पडून वर आलेली.

त्याला उचलून अनवाणी पळाले. कोपऱ्यावरचे डॉक्टर दवाखाना उघडतच होते. त्यांनी विचारलं, "तुम्ही कुठं होता?"

"पूजेला बसले होते."

त्यांनी कपाळावरचं भस्म पाहिलं आणि पुढं काही विचारलं नाही.

संध्याकाळी हे आले. शिवूच्या हाताचं बांधलेलं बोचकं बघून मटकन बसले. मी वाट बघत होते, ओरडतील, हात उगारतील. म्हणाले, "देवाच्या कामात हुतीस. तुझं काय चुकलं?"

मारलं असतं तर बरं झालं असतं.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

अव्वा आल्या. निरोप मिळाला तशी मिळेल ती एस.टी. धरून आल्या. आल्या आल्या स्वतःच्याच तोंडात मारून घेतलं. "मी कशाला गेलतो! बारसं काय पळून चाललं हुतं?"

मग गिरिजाकडून सगळं ऐकलं. एकदा नाही, तीनदा. गिरिजाला सांगायला आवडतं. तांब्या कसा आणला, तोंड कसं धरलं. "चावला मला, तरी सोडलो न्हाय." अव्वांनी तिला जवळ ओढून, दृष्ट काढल्यासारखी कानशिलावर बोटं मोडली. "माझी शाणी गिरजव्वा. आईची पूजा मोडू दिली न्हाय."

रात्रीच्या जेवणाला तिच्यासाठी शेंगांची पोळी केली. मलाही वाढली. मी खाल्ली. मी ती पोळी खाल्ली, हेही इथं लिहून ठेवते.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

शाळेतून चार दिवसांची रजा. रोज पट्टी बदलायला नेते. शिवू डॉक्टरांना बघितलं की ओठावर बोट ठेवतो. रडत नाही. डॉक्टर म्हणतात, "धीराचं पोर आहे." मला तोंड फिरवावं लागतं.

पूजा बंद. अव्वा म्हणतात, "झालं त्याला विलाज न्हाय. नेम मोडू नको. मी हाय की आता." मी म्हणते, हात बरा होऊ दे. त्यांना वाटतं सुनेचं मन खचलंय. आणखी जपतात. दुधाचा पेला हातात आणून देतात.

अव्वांना सांगायला हवं. त्याआधी गिरिजाला. तिला वाटतं तिनं देव सांभाळला. तिनं सांभाळली माझी झोप. हे तिच्या तोंडावर कसं सांगायचं? आणि नाही सांगितलं तर ही पोरगी उद्या कुणाकुणाचं तोंड दाबेल, कुणाकुणासाठी?

१९ फेब्रुवारी, सोमवार

ह्यांची सुट्टी. अंगणात सायकल उलटी करून साखळीला तेल देत होते. अव्वा पोरांना घेऊन देवळात. समोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "मी झोपलो हुतो." बाईंची सगळी भाषा गळून पडली, कोडोलीची पोर उरली.

"कधी?"
"त्या दिवशी. आणि त्याच्या आधी पण. रोजच. पूजा न्हाईच केली."

त्यांनी पायडल फिरवलं. चाक सुटं फिरत राहिलं. म्हणाले, "म्हाईत हाय मला."

मी चाक हातानं थांबवलं.

"गालावर गोणपाट उमटलेलं सुट्टीच्या दिवशी मी बघितलं की गं. आमी बी पाळीत वाळूच्या पोत्यावर डोस्कं टेकतोय. सगळ्यांच्या गालावर तेच. लांबनं वळखू येतंय."

"मग बोलला का नाही?"
"झोपू दे म्हटलं. तुला दुसरं कोण झोपू देतंय?"

रडू आलं. इतकं भलं माणूस आणि त्याच्या भलेपणाचाही शेवट शिवूच्या हातावर. मी म्हटलं, अव्वांना सांगते. तर पटकन मान वर केली. "अव्वाला सांगू नको. तिला सोसायचं न्हाय. झालं ते झालं."

म्हणजे आता आम्ही दोघं.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

पट्टी सुटली. तळवा गुलाबी, चकचकीत, ताणलेला. शिवू मूठ उघडत नाही. डॉक्टर म्हणाले, "कातडी आखडायला लागलीय. आता आळस केला तर बोटं वळलेलीच राहतील. रोज सकाळी कोमट खोबरेल लावून एकेक बोट हळूहळू उघडायचं. घाई नाही. निदान अर्धा तास द्यावा लागेल, बाई. मिळेल ना वेळ?"

मिळेल म्हटलं.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आमच्या घरात दोन झाल्या. एक शिवूची, एक माझी.

अव्वांना वेगळीच काळजी. "डावा हात. उद्या आपलं गुरू अय्या दीक्षा देतील तवा लिंग कशावर घेणार गं त्यो?"

२५ फेब्रुवारी, रविवार

शिवरात्र. अय्यास्वामी आले. आमच्या घरचे जंगम, थकलेत आता, दोघांनी धरून पायरी चढवली. पाय धुतले, पाटावर बसवलं. अव्वांनी शिवूचा हात दाखवला. त्यांनी बराच वेळ धरून ठेवला. मग अव्वांनी गिरिजाची हकिगत सांगितली. नका सांगू असं मनात म्हणत होते, तोवर सांगून झाली.

अय्यांनी गिरिजाच्या डोक्यावर हात ठेवला. "आईची शिवपूजा राखलीस. मोठं पुण्य केलंस, तायी."

ती म्हणाली, "माझ्या बी गालावर देव उमटंल?"

अय्यांना कळलं नाही. हसले. "मनावर उमटला म्हणजे झालं." सगळे हसले. हे नाही हसले, जमिनीकडं बघत होते. मी हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभी. तोच तांब्या. त्या क्षणी बोलता आलं असतं. अय्या, अव्वा, पोर, सगळे समोर होते. मी अय्यांच्या पेल्यात पाणी ओतलं.

उपवास होता. दिवसभर भूक लागली नाही. लाजेनं पोट भरतं की काय कोण जाणे.

२८ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी सात ते साडेसात, शिवूचा हात. कोठीच्या खोलीतच बसतो आम्ही. ऊन येतं तिथं सकाळचं. दार सताड उघडं. माझ्या डाव्या हातावर त्याचा हात, उजव्या हाताच्या बोटाला तेल. करंगळीपासून सुरू. तो बघतो, मी बघते. दुखलं की ओठ मिटतो, आवाज काढत नाही. मी म्हणते, "रड की रे सोन्या. रडायचं असतं." तो ओठावर बोट ठेवतो.

आज मधेच डोकं रिकामं झालं. वह्या नाहीत, डबा नाही, दूध नाही. नुसता तो तळवा. किती वेळ ते सांगता येणार नाही. मनात आलं, हीच की खरी पूजा.

आणि लगेच कानशिलं तापली. सोय बघा कशी. पोराचा हात भाजवायचा आणि वर त्यात देव शोधायचा. कानाला खडा. पूजा नाही ही. ही भरपाई आहे, आणि तीही पुरती होणार नाही.

१ मार्च, गुरुवार

गिरिजाला म्हटलं, "इथून पुढं मला कधीपण हाक मारायची. पूजेत असले तरी."
"पाप लागतंय."
"नाही लागत. मी सांगते."
"अव्वा म्हणती लागतंय. अय्या बी म्हणालं पुण्य केलीस." मग, "तू मोठी का अय्या मोठं?"

शाळेच्या वाटेवर परत सुरुवात केली. "गिरजे, त्या दिवशी ना, मी आत..." तेवढ्यात तिला पतंग दिसला, तारेत अडकलेला. पळाली. मी हायसं वाटून उभी राहिले. पतंग मलाच हवा होता.

३ मार्च, शनिवार

शिवूचं मधलं बोट सरळ व्हायला लागलं. डॉक्टर म्हणाले, बाकीची होतील, नाही होतील, सांगता येत नाही, सोडू नका.

६ मार्च, मंगळवार

आज महिना झाला.

सकाळी शिवूला तापाची कणकण, अव्वांपाशीच झोपला होता. हात उशिरा करू म्हटलं. हे गेलेले. चहा टाकला. गिरिजाची चाहूल नाही. न्हाणीत बघितलं, बंब थंड, जीव भांड्यात पडला. कोठीच्या खोलीचं दार लोटलेलं. कडीला तिचा हात पोचत नाही, म्हणून आतून पाट टेकवला होता. ढकललं तसा सरकला.

चटईवर गिरिजा. कपाळाला भस्म, निम्मं नाकावर सांडलेलं. डावा तळहात पुढं, त्यावर अंगणातला काळा गोटा. आणि गाल जोंधळ्याच्या पोत्यावर गच्च दाबलेला. डोळे मिटलेले, भुवया आवळलेल्या. इतका जोर लावला होता की मान थरथरत होती.

मी दारात उभी. हाक मारू का नको? खरंच सुचेना. माझी पोरगी पूजेत होती.

तिनंच डोळे उघडले. गाल सोडवला. "आई, बघ. उमटला?"

उमटला होता. अख्खा, आडवा-उभा. मी मान डोलावली.

तिनं बोटांनी गाल चाचपला, मग पोत्यावर बोटं फिरवली. परत गाल, परत पोतं. बाजारात नाणं खरं का खोटं बघतात तसं. मग माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. तिला काहीतरी जुळत होतं आणि ते जुळू नये असं वाटत होतं.

"हे पोत्याचं हाय की, आई."

मी खाली बसले. म्हटलं, "गिरजे, त्या दिवशी मी आत पूजा..."

तेवढ्यात बाहेरून अव्वा. "कोण हाय गं आत? बसलीस व्हय पूजेला? बस बस. ऱ्हाऊ दे चहा, मी बघतो."

गिरिजानं गोटा टाकला आणि माझ्या तोंडावर हात ठेवला. घट्ट. शिवूच्या तोंडावर धरला होता तसाच. कानाशी येऊन म्हणाली, "सुम्म. मी अव्वाला सांगत न्हाय."

तिच्या तळव्याला भस्माचा वास होता. अव्वांची पावलं दाराशी येऊन थांबली, चुलीकडं गेली. तिनं हात काढला नाही. मीही बाजूला केला नाही. किती वेळ, घड्याळात बघितलं नाही.

मग शिवू उठला आणि रडला. मोठ्यांदा, तोंड उघडून. महिन्यात पहिल्यांदा. आम्ही दोघी उठलो.

आता शाळेत मधल्या सुट्टीत लिहितेय. गालावरची जाळी पुसल्याशिवाय गिरिजा घराबाहेर पडायला तयार नव्हती. मीच खोबरेल लावून गाल चोळून दिला. ह्यांना कळलं, मला कळलं, आता तिलाही. अव्वा तेवढ्या राहिल्या. उद्या बुधवार. सांगायला काही वार लागत नाही.